ट्रंकेतली नाडी सोडू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारीच बोलायचं होतं, पण बाबांनी विषय बदलला आणि आई, तू ओट्याकडे वळलीस. म्हणून लिहिते आहे.

बाबा, माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढलीत ते बरं केलंत, तळ गंजायला लागला होता. पण नौदलातल्या कमिशनचं सर्टिफिकेट नाक्यावर लॅमिनेट करायला देऊ नका. त्या उष्णतेने प्लॅस्टिक कागदाला असं चिकटतं की पुन्हा सोडवता येत नाही. फाटलेल्या कडांना सेलोटेपही नको, ती पिवळी पडते आणि डाग ठेवून जाते. गंजलेल्या टाचण्या मी येऊन काढेन. तोवर सगळं आतल्या खोलीतल्या कपाटात, मधल्या फळीवर ठेवा. बाहेरच्या भिंतीला ओल आहे.

खरं सांगायचं ते वेगळंच. तुम्ही बदलीचे आदेश, जहाजावरचे फोटो 'कामाचे' म्हणून बाजूला काढलेत आणि 'घरगुती' गठ्ठा रद्दीकडे. त्या गठ्ठ्यात आजीची १९७१ ची आंतरदेशीय पत्रं आहेत, पत्ता म्हणून तुमचं नाव, जहाजाचं नाव आणि 'फ्लीट मेल ऑफिस, बॉम्बे'. पाकिस्तानशी झालेल्या युद्धात ४ डिसेंबरला आपल्या नौदलाने कराचीवर हल्ला केला, ९ डिसेंबरला आपली युद्धनौका आयएनएस खुकरी बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, हे इतिहासाच्या पुस्तकांत मिळतं. त्याच महिन्यात दादरच्या दोन खोल्यांत, खिडक्यांना काळे कागद लावून, आजी तुम्हाला लिहीत होती की तुझा स्वेटर इथेच राहिला. खुकरीबद्दल एक अक्षर नाही. ते पत्र मी तीनदा वाचलं, बाबा.

आई, तुझी पत्रं जाळून टाक म्हणालीस. नवराबायकोतलं कुणी वाचू नये असं तुला वाटतं, ते मला कळतं, आणि तुझा शब्द शेवटचा. पण बाबांनी मला दाखवलेल्या त्यांच्या १९८३ च्या पत्रात आहे, 'शाळेबद्दल तू ठरवलंस ते योग्यच.' काय ठरवलंस? बाबा सेलिंगवर असताना नेव्हीनगरच्या क्वार्टरमध्ये तू एकटीने काय काय निभावलंस, ते फक्त तुझ्या पत्रात असणार. मी न वाचता पाकीट बंद करून ठेवेन, वर तूच तुझ्या अक्षरात लिही की कधी उघडायचं. पुढेमागे एखाद्या संग्रहाला द्यायचं ठरलं तरी अमुक सालापर्यंत उघडू नये अशी अट घालता येते.

एवढंच करा, गठ्ठे तारखेने लावायला घेऊ नका. कुठलं पत्र कुठल्या पत्राशेजारी ठेवलंय, तेही काहीतरी सांगत असतं. आजीने आपल्या परकराच्या नाडीने बांधलेला गठ्ठा तसाच राहू द्या. येत्या रविवारी सकाळी येते. ती नाडी सुटेल तेव्हा मला तुमच्या दोघांच्या मध्ये बसायचंय.

तुमची,
ताई