पॉलिश नको, आधी खुंट्या पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली तीस वर्षं मी भजनाला आणि नाट्यगीतांना पेटीची साथ करतो. नातीला पियानो शिकायचा होता, म्हणून दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये एक जुना, उभा पियानो घेतला. त्या वेळी मी जे पाहायला हवं होतं आणि पाहिलं नाही, ते नव्याने घेणाऱ्यांना कळावं म्हणून हे पत्र.

दुकानात पियानो आरशासारखा चकचकीत होता आणि सुरातही होता. घरी आल्यावर पंधरा दिवसांत मधल्या सप्तकातली पांढरी तीन (पेटीवाल्यांच्या मोजणीत सप्तकातली तिसरी पांढरी पट्टी) सुरातून उतरली, मग काळी चार. शेजारच्या पट्ट्या मात्र ठाकठीक. वाटलं, हमालांनी जिन्यात आपटला असेल. ट्यूनर आले, त्यांनी पुढची फळी काढली, त्या स्वराची तार ताणणाऱ्या खुंटीला किल्ली लावली आणि मला म्हणाले, "तुम्हीच फिरवून बघा." मी दोन बोटांनी फिरवली, ती लोण्यात फिरावी तशी फिरली. चांगल्या खुंटीला किल्ली लावली तर मनगटाला जोर लागतो.

पियानोत ८८ पट्ट्या, पण तारा सुमारे २३०. मधल्या आणि वरच्या स्वरांना प्रत्येकी तीन तारा असतात. सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. तो भार बिडाची चौकट पेलते, पण प्रत्येक खुंटी उभी असते ती लाकडाच्या पकडीवर. आपल्याकडे जुलैत लाकूड फुगतं, हिवाळ्यात आणि एसीत आकसतं. वर्षानुवर्षं असं झालं की पकड सुटते. तंबोऱ्याची खुंटी सरकली तर आपण खडू लावून भागवतो, इथे तसं भागत नाही. जाड खुंट्या बसवाव्या लागतात. आमचा तो खर्च पियानोच्या किमतीच्या निम्म्यावर गेला.

म्हणून घेण्याआधी एकेक पट्टी सावकाश वाजवून ऐका. सगळा पियानो सारखाच उतरलेला असेल, म्हणजे पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांऐवजी खाली बोलत असेल आणि बाकीचेही त्याच मापाने खाली असतील, तर तो बहुधा नुसता दुर्लक्षित आहे. तो दोन-तीन बैठकांत हळूहळू वर चढवता येतो (एका दमात ओढला तर जुन्या तारा तुटतात). पण मधूनच एखादा स्वर भेसूर आणि शेजारचा नीट, असं चारपाच ठिकाणी आढळलं तर सावध व्हा. आणि कालच ट्यून केलेल्या पियानोवरून तर काहीच कळत नाही. त्यामुळे ट्यूनर आपला न्यावा, दुकानाचा नको. त्याची फी वाया जात नाही.

आता पावसाळ्यात आम्ही तो बाहेरच्या भिंतीपासून दूर, आतल्या भिंतीला ठेवतो. खालच्या कप्प्यात लाकडापासून हातभर लांब कमी वॅटचा जुना, तारेचा बल्ब लावतो. एलईडी उपयोगाचा नाही, त्याची ऊब लागत नाही. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांचा नमदा (दाबलेली लोकर) कसर खाते, म्हणून डांबराच्या गोळ्या कापडात बांधून ठेवतो. पट्टी अडकली तर शिवणयंत्राचं तेल सोडू नका, नमदा ते पितो आणि फुगून आणखी अडकतो. वर्षातून दोनदा ट्यूनिंग: एकदा पाऊस सरल्यावर दिवाळीच्या सुमारास, एकदा उन्हाळ्यात.

शेवटी शाळांना एक विनंती. कित्येक शाळांच्या सभागृहांत जुने, चांगले पियानो प्लास्टिकच्या आवरणाखाली पडून असतात. आत दमट हवा कोंडते, तारांना गंज चढतो. मुलांना शिकवायला कुणी मिळेल तेव्हा मिळेल, पण जून लागण्याआधी ते प्लास्टिक काढून जुनी सुती चादर तरी घाला.

आपला,
एक पेटीवादक, गिरगाव