दुय्यम सेवापुस्तक रुजू होतानाच हाती द्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरळसेवा भरतीतून निवडलेली अनेक मुले-मुली मराठवाड्यातील तहसील, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या कार्यालयांत रुजू होत असतात. वर्षानुवर्षे अभ्यासिकेत बसून मिळवलेली नोकरी हातची जाईल या धास्तीने ही मुले परिविक्षा (कायम होण्याआधीचा चाचणी काळ) संपेपर्यंत तोंड उघडत नाहीत, हे मी महसूल विभागात असताना पाहिले आणि निवृत्तीनंतरही पाहतो आहे. त्यात ‘कायम होईपर्यंत संघटनेच्या नादी लागू नका’ असा सल्ला ज्येष्ठच देतात.

हा सल्ला चुकीचा आहे. संघटना स्थापन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने दिलेला असून, मान्यता नसलेल्या संघटनेचे सदस्यत्व सरकारी कर्मचाऱ्यास नाकारणारा केंद्राचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच रद्द ठरवला. संप हा मात्र कर्मचाऱ्यांचा हक्क नाही, असे त्याच न्यायालयाने २००३ मध्ये म्हटले आहे आणि तेही नव्या मुलांना तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. परिविक्षाधीन असला तरी गैरवर्तनाचा ठपका ठेवून कोणालाही विनाचौकशी काढता येत नाही, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते.

माझा स्वतःचा अनुभव सेवापुस्तकाचा, म्हणजे नोकरीतील सर्व नोंदींच्या पुस्तकाचा आहे. निवृत्तीच्या वेळी माझे सेवापुस्तक उघडले, तेव्हा एका जुन्या वर्षाच्या सेवा पडताळणीच्या रकान्यात कार्यालयाचा शिक्का होता, पण खाली सही नव्हती. ते कार्यालय मी केव्हाच सोडले होते आणि तेव्हाचे साहेबही हयात नव्हते. त्या एका सहीसाठी निवृत्तिवेतनाचे प्रकरण सात महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे त्याच नोंदींची दुसरी प्रत, कर्मचाऱ्याला मिळावे अशी नियमांतच तरतूद आहे. मला ते कोणी दिले नाही आणि मीही मागितले नाही. ते पहिल्या वर्षी हाती असते, तर ती चूक त्याच वर्षी दिसली असती.

म्हणूनच संघटनांना कळकळीची विनंती आहे की, वर्गणीची पावती फाडण्याच्या किंवा संपाच्या वेळीच नव्हे, तर मूल रुजू होते त्या आठवड्यात त्याच्याकडे जावे. जुन्या निवृत्तिवेतनासाठी १४ ते २० मार्च २०२३ या काळात झालेला संप १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांच्या प्रश्नावर होता. मग त्याच पिढीचा प्राण क्रमांक (नव्या निवृत्तिवेतन योजनेतील कायम खाते क्रमांक) निघाला का, नामनिर्देशन भरले का, हे विचारणारे कोणी का नसावे? सुट्टीच्या दिवशी तोंडी आदेशाने बोलावले जाते, त्याची नोंद कशी ठेवावी? अर्ज दिल्यावर आवक क्रमांकासह पोच कशी घ्यावी? या गोष्टी जुना कर्मचारी शेजारी बसून दहा मिनिटांत शिकवू शकतो, आणि पुढे दाद मागायची वेळ आलीच तर राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरातच आहे. तिथे हीच पोच कामी येते.

मराठवाड्यातील आठही जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी रुजू अहवाल घेतानाच प्रत्येक कर्मचाऱ्यास दुय्यम सेवापुस्तक द्यावे आणि दरवर्षी त्यातील नोंदी करून द्याव्यात, एवढीच मागणी आहे.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, परभणी