आत गेलेली प्रत्येक गाडी

कोइम्बतूर,
घटस्थापना

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. आई रडायला लागली आणि बाबा, तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणून ठेवून दिला. तेव्हापासून ते मनात घोळतंय. आपल्याकडे रेंज गेली की ओरडून बोलावं लागतं, मग साधं बोलणंही भांडणासारखं ऐकू येतं. म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून आईला सगळं वाचून दाखवा, मधे उठू नका.

आई, तू विचारलंस, "ज्या गाडीनं पाय मोडला, त्याच गाड्याईच्या मांगं कायले लागली वं माय?" तुझ्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं. सहा महिने तू मला न्हाऊ घातलंस. गुडघा वाकत नव्हता, खाली बसलं की उठता येत नव्हतं, म्हणून बाबांनी माझ्या खाटेच्या पायांखाली विटा लावल्या. संडासात ठेवायची भोकाची खुर्ची सुताराकडे दिवसभर बसून करून घेतली. एवढं सगळं केलेली पोरगी परत मोटारींच्या शर्यतीला जाते म्हटल्यावर पोटात गोळा येणारच. पण मी तिथे कुठे बसते, काय करते, हे तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. ती चूक माझी.

पाय मोडायच्या आधी दोन वर्षं मी इथल्या कारी मोटर स्पीडवेवर, म्हणजे मोटारशर्यतीच्या ट्रॅकवर, मार्शल म्हणून, म्हणजे झेंडे दाखवून धोका कळवायला, जात होते. कारखान्याला सुट्टी असेल त्या रविवारी. हे पगाराचं काम नाही, हौसेनं करायचं. बाबा, आपल्या विहिरीवरची मोटार याच गावची आहे ना, तशीच शर्यतीची आवडही या गावात मुरलेली आहे. करिवर्धन नावाचे इथले एक गृहस्थ होते. त्यांनी आपल्या साध्या मारुती ८०० चं इंजिन घालून स्वस्तातल्या रेसिंग गाड्या बनवल्या, पैसा नसलेल्या पोरांनाही शिकता यावं म्हणून. १९९५ मध्ये ते विमान अपघातात गेले. ट्रॅकला त्यांचंच नाव आहे. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, तोही इथलाच.

तिथे मी झेंड्याच्या चौकीवर असायचे. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा, कोणाला मागे टाकू नका. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा झालाय. लाल म्हणजे शर्यतच थांबवली. हे सगळं मी तुमच्याकडूनच शिकले होते, बाबा, असं मला तिथे पहिल्याच दिवशी वाटलं. शंकरपटाला, आपल्या बैलजोड्यांच्या शर्यतीला, तुम्ही झेंडी घेऊन उभे राहायचे आणि जोड्या पळायच्या दाणीत शिरणाऱ्या पोट्ट्यांना हाकलायचे, ते मला लख्ख आठवतं. म्हणायचे, "जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याले समोरचं मानूस दिसत नाही, आपल्यालेच दिसलं पाह्यजे." मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली आणि तुमची झेंडी माळ्यावर गेली. डिसेंबर २०२१ मध्ये पट पुन्हा सुरू करायची मुभा मिळाली, तोवर तुमचे गुडघे थकले होते. तळेगाव दशासरचा पट पाहायला पुन्हा नेईन म्हटलं होतं, तेही राहून गेलं.

तर, झेंड्याच्या चौकीवर मी आता जात नाही. कोणी सांगितलं म्हणून नाही, मीच जाऊन सांगितलं. गाडी अंगावर आली तर कठड्यामागे उडी मारता आली पाहिजे, आग लागली तर सिलिंडर उचलून पळता आलं पाहिजे. ज्याला पळता येत नाही त्यानं तिथे उभं राहिलं तर गाडीवाल्याला सोडून त्यालाच वाचवायची पाळी येते. काठी टेकत ते बोलायला गेले तेव्हा वाटलं होतं, ही शेवटचीच भेट. पण आमच्या प्रमुखांनी एवढंच विचारलं, "बसून लिहिता येईल का? वॉकी-टॉकीवर बोलता येईल का?"

त्यांनी मला रॅलीत घेतलं. रॅली ट्रॅकवर होत नाही. इथून बाहेर पडलं की पवनचक्क्यांचा माळ लागतो, त्यातल्या मातीच्या वाटा त्या दिवसापुरत्या बंद करतात. आपल्या पटात जोडी जशी सेकंदावर पळते तशीच गाडी घड्याळाविरुद्ध पळते, बाजूला दुसरी गाडी नसते. एक सुटली की ठरावीक मिनिटांनी दुसरी. आत दोघं असतात, एक चालवणारा आणि एक वाट वाचून दाखवणारा.

माझी जागा टप्पा संपल्यानंतरची. गाडी भरधाव रेघ ओलांडते, तिथे तिची वेळ घेतात, आणि तिथून शे-तीनशे मीटर पुढे लाल पाटीपाशी ती पूर्ण थांबते. त्या पाटीशेजारी माझं टेबल, हातांची खुर्ची आणि पाय लांब ठेवायला एक खोकं. म्हणजे आई, माझ्यासमोर येते ती थांबलेली गाडी. ते दोघं काच खाली करतात, धुळीनं माखलेले असतात, आपलं कार्ड माझ्या हातात देतात, मी त्यावर वेळ लिहून परत देते. कुठे किती मिनिटाला पोचायचं तेही ठरलेलं असतं. एक मिनिट उशीर झाला तर १० सेकंदांचा दंड, आणि एक मिनिट लवकर आले तर अख्ख्या एका मिनिटाचा. लवकर येण्याला जास्त शिक्षा, हे मला फार आवडतं. घाईला तिथे भाव नाही.

पण माझं खरं काम दुसरंच आहे. माझ्यासमोर एक तक्ता असतो. सुरुवातीच्या ठिकाणाहून वॉकी-टॉकीवर आवाज येतो, अमुक नंबर सुटला. मी लिहिते. वाटेत मधल्या चौक्या असतात, त्या सांगतात, अमुक नंबर गेला. मी खूण करते. गाडी माझ्याकडे पोचली की शेवटची खूण. आत गेलेली प्रत्येक गाडी बाहेर आली की नाही, हे बघायचं. एखादा नंबर एका चौकीवर दिसला आणि पुढच्या चौकीवर वेळेत आला नाही, की लगेच विचारणा सुरू होते. कोणी कोणाला "येईल थोड्या वेळानं" म्हणत नाही.

एका रॅलीच्या दिवशी असंच झालं. एक गाडी मधली चौकी ओलांडून गेली आणि माझ्याकडे आलीच नाही. तिच्या मागची मात्र आली. माझ्या तक्त्यावर एक घर रिकामं. प्रत्येक गाडीत एक पाटी ठेवतात, एका बाजूला लाल अक्षरांत मदतीची हाक, दुसऱ्या बाजूला हिरव्या अक्षरांत ओके. गाडी अडकली की आधी मागे रस्त्यावर लाल त्रिकोण ठेवायचा आणि मग पाटी धरायची. लाल बाजू दिसली तर मागून येणाऱ्यानं शर्यत सोडून थांबायचंच, तसा नियमच आहे. मागून आलेल्या गाडीतल्या मुलानं काच खाली करून मला सांगितलं, हिरवी दाखवली, दोघंही बाहेर उभे आहेत. मी वॉकी-टॉकीवर नंबर आणि "ओके" कळवलं. तेवढं बोलताना माझा आवाज कापत होता.

आई, तुला मी हे कधी सांगितलं नाही. त्या रात्री घाटंजीच्या रस्त्यावर मी पडले तेव्हा शुद्धीवर होते. कापसाची ट्रॉली रस्त्यातच उभी होती, मागे दिवा नाही, रेडियम नाही, काही नाही. अंधारात मला ती ढिगासारखी दिसली, आणि दिसली तेव्हा उशीर झाला होता. पडल्यावर दोन गाड्या शेजारून गेल्या. थांबल्या नाहीत. त्यांना दिसले नसेन, किंवा दिसले असेन. फोन कुठे उडाला होता कोण जाणे. तुम्हाला वाटत होतं मी बाजारात रेंगाळले, आणि घाटंजीत मावशीला वाटत होतं मी घरी पोचले. मी त्या वेळात कोणाच्याच हिशेबात नव्हते. शेवटी एक मेंढपाळ आला, त्यानं घोंगडी टाकली आणि रस्त्यात उभं राहून जीप अडवली.

रॅलीच्या त्या टेबलाशी बसले की मला तेच आठवतं. इथे आत गेलेला माणूस कोणाच्या तरी तक्त्यावर असतो, आणि तो तक्ता माझ्या हातात असतो. म्हणून मी जाते. पाय पूर्ण बरा झाला तरी मी हीच जागा मागणार आहे.

आता पायाचं. गुडघा ११० अंशांपर्यंत वाकतो. घरून निघाले तेव्हा ८० होता, तेव्हा जिना एकेक पायरी करत उतरायचे, आता पावलामागे पाऊल टाकत उतरते. मांडी घालून बसायला अजून जमत नाही, कधी जमेल ते फिजिओथेरपीवाल्या बाईही सांगत नाहीत. रॅलीला त्यांची परवानगी घेऊनच गेले होते. दर अर्ध्या तासाला उठायचं, घोटा वरखाली हलवायचा, दोन्ही हातांनी टेबल धरून दहा वेळा उभं राहायचं. रॅलीच्या दिवशी संध्याकाळी गुडघा सुजला, बर्फ लावला, दुसऱ्या दिवशी रजा टाकली. तिसऱ्या दिवशी सूज उतरली. उतरली नसती तर पुढच्या वेळी गेले नसते.

एक त्रास झाला तो सांगते, कारण आई, तू विचारशीलच. माळावर बायकांसाठी सोय नव्हती, आणि उकिडवं बसणं मला जमत नाही. म्हणून मी सकाळपासून पाणीच प्यायले नाही. दुपारी डोकं ठणकायला लागलं, अक्षरं धूसर दिसायला लागली. अशा अवस्थेत तक्ता सांभाळणं बरोबर नाही, हे कळलं म्हणून दुसरीला बसवून मी बाजूला झाले. नंतर प्रमुखांना स्पष्ट सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं. पुढच्या वेळी खुर्चीचा संडास बसवलेला तंबू उभा राहिला, आणि त्याचा उपयोग माझ्यापेक्षा पन्नाशी ओलांडलेल्या दोन मार्शलबाईंनाच जास्त झाला. त्या इतकी वर्षं मुकाट्यानं सोसत होत्या.

बाबा, आता तुमच्यासाठी एक काम आहे. सीतादहीची पूजा झाली की कापसाची वेचणी सुरू होईल, आणि मग रात्री-बेरात्री गाड्या जिनिंगकडे निघतील. या पत्रासोबत रेडियम पट्टीचे गुंडाळे पाठवतेय. लाल मागे लावायची, पांढरी पुढे, पिवळी दोन्ही बाजूंना. मागच्या फाळक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लावा, म्हणजे ट्रॉलीची रुंदी कळते. लावण्याआधी पत्रा फडक्यानं कोरडा पुसा, धुळीवर ती चिकटत नाही. आधी आपल्या बंडीला लावा, मग शेजारच्या काकांच्या ट्रॉलीला. ते नको म्हणतील. तुम्ही म्हणालात तर ऐकतील, तुमची झेंडी त्यांनी पाहिली आहे. आणखी लागली तर कळवा, आठ दिवसांत पाठवते.

दिवाळीला धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी येतेय, दिवसाच्या गाडीनं. आई, खाटेखालच्या विटा काढू नकोस अजून.

तुमची लेक