‘आयबीपी’चे पंप कुठे गेले?

महोदय,

मुंबई-आग्रा महामार्गाने नेहमी जाणाऱ्या जुन्या वाहनचालकांना ‘आयबीपी’चे पेट्रोल पंप आठवत असतील. ही कंपनी तोट्यात बुडाली, असा अनेकांचा समज आहे. तो दुरुस्त व्हावा म्हणून हे पत्र.

१९०९ मध्ये रंगून येथे स्थापन झालेली इंडो-बर्मा पेट्रोलियम कंपनी पुढे सरकारी मालकीची झाली आणि स्वतःचा तेलशुद्धीकरण कारखाना नसतानाही तिने देशभर पंपांचे जाळे उभारले. या जाळ्यामुळेच तिला भाव आला. फेब्रुवारी २००२ मध्ये केंद्राने आपला ३३.५८ टक्के हिस्सा विकला, तेव्हा सुमारे १,१५३ कोटी रुपये मोजून तो घेतला इंडियन ऑइलने, म्हणजे दुसऱ्या सरकारी कंपनीनेच! निर्गुंतवणुकीच्या नावाखाली पैसा या खिशातून त्या खिशात गेला, असे कोणी म्हटल्यास ते खोडून काढणे कठीण आहे. २००७ मध्ये विलीनीकरण झाले आणि पंपांवरचे फलक बदलत गेले.

नाशिककरांना सहसा ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे, जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेले वीर्य ज्या द्रवरूप नायट्रोजनच्या पात्रांत ठेवतात, ती पात्रे बनवणारा अंबड औद्योगिक वसाहतीतील कारखाना मूळचा आयबीपीचा होय. तो आता इंडियन ऑइलकडे आहे. तेथे या कंपनीच्या इतिहासाचा एखादा फलक लावण्याचा विचार व्हावा.

– एक वाचक, नाशिक