पाइन घेताना आधी ओलावा पाहा

संपादक महोदय,

पावसाळा लागला की पाइनच्या कपाटांची दारं अडकतात आणि ‘खोक्याचंच लाकूड ते’ म्हणून सुतार मोकळा होतो. लाकूड बिचारं निमूट बोल खातं. वखारीत येणारं बरंचसं पाइन परदेशातलं, त्यात रेडिएटा ही जात नेहमीची. ओंडके कांडला बंदरात उतरतात, गांधीधामला चिरले जातात आणि पुष्कळदा नीट न वाळवताच फळ्या पुढे निघतात. असली फळी हाताला गार लागते आणि उचलताच जड वाटते. वाळलेलं रेडिएटा घनफुटाला १३-१४ किलोच भरतं. सागवान १८च्या आसपास. निळसर पट्टे दिसले तर ती बुरशी. ताकद फारशी घटत नाही, पण माल ओला पडून होता हे कळतं.

दोन सुयांचं ओलावा मोजायचं यंत्र मिळतं, ते सोबत न्यावं. १२ टक्के उत्तम, कोकणात १४ही चालेल, १८च्या वर असेल तर फळी परत ठेवावी. घेतलीच तर सावलीत, दर दोन फुटांवर इंचभर पट्ट्या घालून थर रचावेत आणि फळ्यांच्या टोकांना रंग फासावा. टोकं आधी वाळून तडकतात. एक इंची फळीलाही काही महिने लागतात.

दाराच्या चौकटीत पॅनेल गोंदाने चिकटवू नये. खाचेत दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर मोकळं सोडावं, म्हणजे फुगायला वाव राहतो. आठ नंबरच्या स्क्रूला आधी तीन मिलिमीटरचं भोक पाडावं, नाहीतर कडेला फळी उभी चिरते.

पॉलिशचे डाग पडतात, कारण फिक्या, मऊ रेघा रंग जास्त पितात आणि गडद रेघा कमी. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचा पातळ हात देऊन २२० नंबरचा पॉलिश पेपर मारावा, मग रंग. गाठींवर लाखेचे दोन हात हवेतच. नाहीतर राळ झिरपून ऑइलपेंटवर पिवळे डाग उमटतात.

न्हाणीघराच्या चौकटीला किंवा ओल येणाऱ्या भिंतीला मात्र साधं पाइन लावूच नये, वाळवीला आमंत्रण मिळतं. जुन्या खोक्यांचं लाकूड वापरताना शिक्का वाचावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसरं घरात आणू नये.

ओल्या आणि वाळलेल्या घनफुटाला वखारवाले एकच दर लावतात. बिलावर घनफुटाशेजारी ओलाव्याचा आकडाही लिहायला काय हरकत आहे?

– एक वाचक, रत्नागिरी