वहिवाट आणि जगाचा कायदा

अमळनेर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, "आप्पा, ज्या आंतरराष्ट्रीय कायद्यामागे पोलीस नाही तो शिकून करायचं काय? युक्रेनचं काय झालं?" फोनवर हे बोलणं पुरत नाही, म्हणून लिहायला बसलो.

तहसील कचेरीतली माझी बरीचशी नोकरी शेतरस्त्यांच्या तंट्यांत गेली. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५: अडवलेली वाट मोकळी करून द्यायचा अधिकार. पेरणीच्या तोंडावर कुणीतरी चाकोरीवर नांगर फिरवायचा आणि पलीकडच्याची गाडी अडायची. स्थळपाहणीला गेलं की काळ्या रानात तेवढ्याच पट्ट्यात मोठी, टणक ढेकळं निघालेली दिसायची. वर्षानुवर्षं चाकांखाली दबलेली माती नांगरून लपत नाही. पंच सांगायचे, बापजाद्यांपासून गाडी इथूनच जाते. कागद नसायचा, वहिवाट असायची. आदेश झाला की बहुतेक वेळा पोलिसाविना पाळला जायचा, कारण अडवणाऱ्यालाही स्वतःच्या खळ्यावर जायला दुसऱ्याचाच बांध ओलांडावा लागे.

राष्ट्रांचा कायदा याच जातीचा आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात आपल्याच देशाचा असा खटला चालला. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांपासून मुक्त झाली. त्यांच्याच ताब्यातल्या दमणहून तिकडे जायला आपण वाट देत नाही, म्हणून पोर्तुगालने १९५५ मध्ये दावा लावला. पुरावा म्हणून काय काढलं? पेशव्यांशी झालेला १७७९ चा पुण्याचा तह! न्यायालय म्हणालं, त्या तहाने महसूल दिला, सार्वभौमत्व नाही. पण पुढे इंग्रजांनी आणि नंतर भारतानेही पोर्तुगालचा ताबा गृहीत धरला होता. १२ एप्रिल १९६० च्या निकालात सव्वाशे वर्षांची वहिवाट मोजली. साधी माणसं, मुलकी अधिकारी, माल यांना वाट होती. सैन्य आणि हत्यारं मात्र परवानगीनेच जात, त्यांचा हक्क नाही. आणि १९५४ मध्ये भारताने केलं त्यात कर्तव्यभंग झाला नाही.

मला खटकतं ते पुढचं. खटला वाटेचा होता. तिथल्या वारली-कोकणा आदिवासींना कुणाचं राज्य हवं, हे त्या निकालात तोललेलं नाही. दोन सरकारं एकमेकांशी कशी वागली, एवढंच मोजलं गेलं. वहिवाट बळकटाचीही असते, हे कचेरीत मी रोज पाहिलंय. म्हणून नुसत्या संमतीवर आणि रूढीवर उभा असलेला कायदा मला अपुरा वाटतो. १९६० च्याच डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव १५१४ केला: परक्या सत्तेखालच्या लोकांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे. ८९ मतं बाजूने, विरोधात एकही नाही. ज्यांना कुणी विचारत नव्हतं ती माणसं आता देश म्हणून सभेत येऊन बसू लागली होती, आणि कायदा तिथून हलला.

आता युक्रेन. २०२२ मध्ये हल्ला करताना रशियानेसुद्धा "कायदा मानत नाही" असं म्हटलं नाही, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम ५१ चा, स्वसंरक्षणाचा आधार सांगितला. मोडणाऱ्यालाही सबब कायद्यातलीच लागते. आमसभेत १४१ देशांनी ती नाकारली, आपण तटस्थ राहिलो. त्या मतदानाने रणगाडे थांबले नाहीत, हे तुझं म्हणणं खरंच आहे. पण तो हल्ला वहिवाट ठरू नये यासाठी कुणीतरी हरकत नोंदवावीच लागते. हरकत न घेतलेला रस्ता पुढे हक्क होऊन बसतो, माय!

आणि वानुआतू बघ, बेटांचा छोटा देश. पॅसिफिकमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी, तुझ्याच वयाच्या पोरांनी, हवामानाचा प्रश्न हेगला न्यायचा ध्यास घेतला. २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने एकमताने सांगितलं की हवामान सांभाळणं हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे. तो सल्ला आहे, हुकूम नाही. तरी उद्याच्या खटल्यांत तो पुढे येणारच.

आखाजीला घरी येशील तेव्हा १९६० चा तो निकाल वाचून ये. त्या खटल्यात भारताकडून बसलेल्या न्यायमूर्ती छागलांचं भिन्नमतही वाच. मग १९६१ च्या गोव्यावर बोलू. मला ती कारवाई न्याय्य वाटते, पण सनदेत बळ वापरायला मनाई असताना ती कशी बसवायची, ते तू मला सांग.

तुझे,
आप्पा