गाड्या हटवू नका, नळ द्या

वागळे इस्टेटमधील रस्त्यांवरच्या खाद्यगाड्या सरसकट हटवाव्यात, अशी मागणी करणारे पत्र वाचले. अस्वच्छतेची तक्रार रास्त आहे; उपाय मात्र पटला नाही.

मी याच भागात नोकरी करते. जेवणाची सुट्टी जेमतेम अर्धा तास. डबा आणणे जमत नाही अशा आम्हा कित्येकांचे दुपारचे जेवण म्हणजे गाडीवरचा वडापाव, पावभाजी नाहीतर डोसा. हॉटेलातली थाळी रोज परवडत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या डोसेवाल्या मावशी पीठ, चटणी सारे झाकून ठेवतात; पण ताटल्या विसळायला त्यांच्याकडे एकच बादली, आणि दीड वाजेपर्यंत तिच्यातले पाणी गढूळ झालेले असते. दोष त्यांचा नाही. आसपास कुठे नळच नाही!

पथविक्रेता कायदा २०१४ चा. किमान दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करावे आणि ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्यांना हटवू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यानुसार जागा ठरवून तिथे पाणी आणि सांडपाण्याची सोय करावी. गेल्या महिन्यात मावशींचा तवा कारवाईत उचलून नेला, त्या दिवशी आम्ही चौघींनी चहा-बिस्किटांवर भागवले.

– एक नोकरदार वाचक, ठाणे